कम्मूनचा उपास

सरका, जरा जवळ सरका. भिंतीशी बसलेल्यांनाही ऐकू गेलं पाहिजे, आणि मला ओरडून सांगता येत नाही. एका कुत्र्याची गोष्ट सांगते. त्याने पाच दिवस अन्नाला तोंड लावलं नाही आणि आमचं अर्धं गाव त्याच्या दर्शनाला लोटलं. त्यातली चूक माझी होती, म्हणून ती सांगायचीही मीच.

पवित्र सप्ताहातला, म्हणजे मोठ्या उपासाच्या शेवटच्या आठवड्यातला, सोमवार होता. सकाळी मी खाटकाच्या दुकानावरून चालले होते आणि सहज आत नजर गेली, तर फळीशी फानूसकाका उभे. मी जागच्या जागी थबकले.

"फानूसकाका! या आठवड्यात? खाटकाकडे?"

ते असे दचकले की हातातली पुडी झग्याच्या बाहीत शिरली. "हळू बोल गं हैलाना! सगळ्या बाजाराला ऐकवतेस का? माझ्यासाठी नाही. कम्मूनसाठी आहे."

"त्याला काय झालं?"

"काल संध्याकाळपासून खात नाहीये. म्हटलं, मोठ्या उपासाचे हे पन्नासेक दिवस माझ्याबरोबर बाकल्याचे दाणे आणि मसूर गिळतोय बिचारा, विटला असेल. त्याच्यावर कुठे उपास सांगितलाय?"

"आणि तुम्हाला इथे अबूनांनी बघितलं तर?" अबूना म्हणजे आमचे पाद्री.

"अबूनांना मी सांगेन. तूच कोणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

फानूसकाका आमच्या चर्चची पवित्र भाकर भाजायचे. एकतीस वर्षं. अंगणाच्या कोपऱ्यात भट्टीची खोली आहे. प्रार्थनेच्या आदल्या दिवशी ते तिथे शिरत, उपाशीपोटी पीठ मळत, मळताना स्तोत्रं म्हणत, प्रत्येक गोळ्यावर क्रूसांचा लाकडी शिक्का उमटवत. आवाज काही गोड नव्हता, पण पिठावर पडणाऱ्या हाताचा आणि स्तोत्राचा ठेका असा जुळायचा की मी शिवण घेऊन मुद्दाम त्या भिंतीला टेकून बसायची. मी चर्चचे पडदे शिवते, माझं घर समोरच. गावातल्या कोणाला विचारलंत की फानूस कोण, तर समोरचा डोकं खाजवायचा. 'भट्टीवाला' म्हटलं की मग, "हां, तो!" बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. होता तो एक कम्मून. जिऱ्याच्या रंगाचा, म्हणून कम्मून. ज्या भाकरीवर शिक्का तिरका बसेल ती चर्चमध्ये जात नाही; ती कम्मूनची. काकांचा शिक्का आठवड्यातून दोनदा नेमका तिरका कसा बसायचा, ते देव जाणे.

मी त्यांच्याबरोबरच परत आले. भट्टीच्या दाराशी कम्मून आडवा पडला होता. काकांनी पुडी उलगडली. ताजं, लाल मांस. कुत्रा उठला, शेपूट हलवली, वास घेतला. एक तुकडा अलगद तोंडात घेतला. आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्याने तो तुकडा परत काकांच्या पायाशी ठेवला. मान खाली घातली आणि उजवा पंजा तोंडावरून फिरवला.

आता माझी एक खोड सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळणार नाही. आमच्या जत्रेत डफावर संतांची चरित्रं गाणारे गवई येतात. आधी साध्या बोलण्यात सांगतात, मग तेच गातात, मग गाता गाता उपदेशाला लागतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्याला धार लागते. मी लहानपणापासून तिथे पहिल्या रांगेत. त्या गाण्यांत सिंह तपस्व्याच्या पायाशी बसतो, मगर संताला पाठीवरून नदी पार करून देते. अशा कथांवर माझं मन वाढलेलं. त्यामुळे तो तुकडा भुईवर पडला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"काका," मी म्हटलं, "हा उपास करतोय."

"कोण?"

"कम्मून! पवित्र सप्ताह सुरू झाला आणि याने मांस परत केलं. अन् तोंडावरून पंजा फिरवला तो बघितलात? क्रूस काढला त्याने!"

काका माझ्याकडे बघत राहिले, मग कुत्र्याकडे. "पंजा तर तो कालपासून फिरवतोय," ते म्हणाले.

"म्हणजे काल झावळ्यांच्या रविवारपासूनच!"

"हैलाना, त्याने बाकलाही नाही खाल्ला. आपण बाकला खातो की."

"कडक उपास असेल."

मी तिथून निघाले ती थेट भाजीच्या गाडीवर. तिथे आमची शेजारीण, गिरगिसची आई, मुळ्याची जुडी निवडत होती. काकांनी कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं ते खाटकाचं. कुत्र्याचं कुठे म्हटलं होतं? मी सांगितलं. जसं गवई सांगतो तसंच सांगितलं, जिथे थांबायचं तिथे थांबले, आवाज जिथे चढवायचा तिथे चढवला. गिरगिसच्या आईच्या हातातला मुळा खाली पडला.

दुपारपर्यंत चार बायका अंगणात आल्या. मंगळवारी पंधरा-वीस. बुधवारी शेजारच्या गावाहून एक टेम्पो भरून माणसं आली. कम्मूनसमोर कोणी उकडलेलं अंडं ठेवून बघितलं, कोणी चीज, कोणी तळलेला मासा, एरवी ज्यासाठी तो भिंत चढला असता. कम्मून प्रत्येकाचा वास घ्यायचा, जीभ बाहेर काढायचा, मान फिरवायचा. आणि पंजा तोंडावरून. लोक 'हे दयाळू देवा!' म्हणायचे. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती; एक म्हातारी म्हणाली, "रडतोय गं. कुत्र्याला डोळ्यातून रडता येत नाही, तो असाच रडतो."

अबूना याकोब दोनदा येऊन गेले. "बाबांनो, देवाने उपास माणसाला सांगितलाय. कुत्र्याला कशाला त्रास देता?" लोकांनी त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि परत कुत्र्याभोवती बसले. अबूनांना दिवसभर प्रार्थना होत्या. ते तरी किती वेळा येणार?

आणि फानूसकाकांचं काय म्हणाल, तर त्यांना खुर्ची मिळाली. एकतीस वर्षं ते पिठाच्या उलट्या डब्यावर बसत आले होते. बुधवारी कोणीतरी सभागृहातली गादीची खुर्ची आणून भट्टीच्या दाराशी ठेवली. "बसा, फानूसकाका." "फानूसकाका, याला लहानपणापासून असंच वळण होतं का हो?" "फानूसकाका, माझ्या सुनेसाठी दोन शब्द बोला ना, तिची कूस उजवत नाहीये." काका अवघडून बसायचे, हात गुडघ्यांवर. गुरुवारी मी बघितलं, त्यांनी मिशा विंचरल्या होत्या आणि सणाचा झगा तीन दिवस आधीच घातला होता. मला फार बरं वाटलं. म्हटलं, देवाने शेवटी या माणसाकडे बघितलं.

पण गुरुवारीच पायधुणीची, अबूना लोकांचे पाय धुतात ती, प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला हळूच भट्टीत बोलावलं.

"हैलाना, तो पाणी का पीत नाही?"

"पितो की. मी बघितलं काल."

"तोंड घालतो. जीभ बाहेर काढतो, आत नेतो, आणि निम्मं सांडतं. मग कण्हतो. बघ हं, उपासात माणूस पाणी सांडत नाही."

"काका, तुम्ही फार विचार करता."

"मी विचार कुठे करतो?" ते म्हणाले. "मी फक्त विचारतोय. भूक मेली असती तर त्याने वासच घेतला नसता. हा वास घेतो. मन होतंय त्याचं. मग काय होतं मधे?"

मी त्यांना काय म्हणाले माहीत आहे? ते आठवलं की अजूनही जीभ चावावीशी वाटते. मी म्हणाले, "काका, एवढी माणसं श्रद्धेने येतात आणि तुम्हीच घरचे असून शंका काढता?"

ते बाहेर जाऊन पुन्हा खुर्चीवर बसले. पण मी शिवायला बसले तेव्हा भट्टीतून स्तोत्र ऐकू येईना. शनिवारच्या भाकरीचं आंबवण भिजवायची वेळ होती आणि आत नुसती शांतता.

महाशुक्रवारी, म्हणजे क्रूसावरच्या मृत्यूच्या दिवशी, चर्च पहाटेपासून भरलेलं असतं. काळे पडदे, दर प्रहराला प्रार्थना, शेकडो दंडवतं. संध्याकाळपर्यंत कोणी पाण्याचा थेंब घेत नाही. दुपारच्या प्रहरानंतर मी वारा घ्यायला अंगणात आले. दर्शनवाले सगळे आत होते. काका भुईवर गुडघे टेकून बसले होते आणि कम्मूनचं तोंड त्यांनी आपल्या नाकाशी धरलं होतं.

"काय करताय?"

"वास घेतोय. ये, तू पण घे."

मी वाकले आणि लगेच मागे झाले. "शी! काका, उपासाने तोंडाला वास येतोच की."

"येतो. कोरडा येतो. माझ्याही तोंडाला येतोय." ते उभे राहिले. "मी एकतीस वर्षं आंबवणाचा वास घेत आलोय, हैलाना. आंबट काय आणि नासलेलं काय, एवढं मला कळतं. हे नासलंय. याच्या तोंडात काहीतरी कुजतंय."

त्यांनी पिठाचं रिकामं पोतं झटकलं, कम्मूनला त्यात गुंडाळलं आणि बाळासारखं खांद्यावर घेतलं. कुत्रा एवढा हलका झाला होता की काकांना ओझं असं जाणवलंच नाही.

दाराशी गिरगिसची आई आडवी आली. "हे काय? कुठे नेताय त्याला? आज? आजच्या दिवशी?"

"उस्ता हरीदीकडे."

"त्या गाढवं भादरणाऱ्याकडे? अहो, आज संध्याकाळी त्याचा उपास पुरा होतोय! सगळा गाव बघायला थांबलाय!"

"बाई, वाट सोड."

"फानूसकाका, देवाच्या कामात हात घालू नका!"

"मी त्याच्या तोंडात हात घालणार आहे," काका म्हणाले आणि बाजूने निघाले. प्रार्थना अर्धी टाकून मी त्यांच्या मागे धावले. खरं सांगू? त्यांना परत वळवायलाच धावले होते. रस्ताभर मीच बोलत होते. ते झपाझप चालत राहिले.

उस्ता हरीदी जुम्म्याची नमाज आटपून नुकताच घरी आला होता. उस्ता म्हणजे कारागीर; हा गाढवांचे केस कापायचा, त्यांच्या पायांवर कात्रीने नक्षी काढायचा. म्हाताऱ्या गाढवांचे दात कानशीने घासायचा. अंगात इस्त्रीचा पांढरा झगा, समोर जेवणाचं ताट.

"या, या फानूस! ये गं पोरी. जेवायला बसा म्हटलं असतं, पण तुमचा आज मोठा दिवस. अन् हे काय, तुमचा पीरबाबा का हा? माझी बायकोसुद्धा बघून आली परवा."

"खात नाही, उस्ता. पाच दिवस झाले."

"पाच!" हरीदीने ताट बाजूला सारलं. "आणि तोंड बघितलंत का?"

काकांनी पोतं उलगडून कम्मूनला भुईवर ठेवलं.

"पाच दिवस गावभर माणसं याला बघायला आली," हरीदी म्हणाला, "आणि तोंडात कोणीच बघितलं नाही? थांबा, नमाजाचा झगा आहे, काढून येतो. आमच्यात कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवावं लागतं; बायको मला झग्यासकट धुवील आणि मग वाळत घालील."

तो जुन्या झग्यात परत आला. गाढवाला बांधायची मऊ दोरी कम्मूनच्या खालच्या जबड्यात अडकवली, काकांना म्हणाला, "मान तू धर. त्याला तुझा हात कळतो. अन् बोलत राहा काहीतरी."

काका काय बोलणार? ते मळताना म्हणायचे ते स्तोत्र पुटपुटायला लागले. कम्मूनचे कान पडले. हरीदीने दोरी ओढून जबडा उघडला, कवडशाकडे वळवला, आणि त्याच्या तोंडून शिट्टी निघाली.

"ये बघ. ये पोरी, तू पण बघ."

टाळूला आडवी, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत, एक काडी घट्ट रुतली होती. कडेची हिरडी सुजून काळीनिळी. जीभ वर गेली की काडीला लागणार. घास आत गेला की काडी टाळूत शिरणार. पाच दिवस त्याने पंज्याने ती काढायचा प्रयत्न केला होता, आणि आम्ही हात जोडून बघत होतो.

हरीदीने नखं काढायच्या चिमट्याने काडी धरली. एक हिसका. कम्मून किंचाळला, काकांनी त्याला छातीशी दाबलं, आणि काडी बाहेर आली. बोटाएवढी, खजुराच्या झावळीच्या दांड्याची. तिला लाल दोरा गुंडाळलेला होता.

तो दोरा माझा होता. झावळ्यांच्या रविवारी आम्ही सगळे खजुराच्या पातींचे क्रूस विणतो, मुकुट विणतो. मी हौसेने कम्मूनसाठी गळ्यातली माळ विणली होती. नीट उभी राहावी म्हणून आतून झावळीच्या दांड्याची काडी घातली आणि शिवणातल्या लाल दोऱ्याने बांधली. दुपारी गळ्यात माळ दिसली नाही तेव्हा मला वाटलं, पोरांनी ओढून नेली.

"काका," मी म्हटलं, "ही माझी आहे."

काकांनी काडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "छान विणली होतीस," ते म्हणाले. "त्यालाही आवडली असणार, नाहीतर चघळली कशाला असती?"

हरीदी मिठाच्या कोमट पाण्याने हिरडी धूत होता. "ऐका दोघं. जनावराने एक वेळ टाकली तर ऊन म्हणा, कंटाळा म्हणा. दुसऱ्या दिवशीही टाकली की तोंड उघडायचं. दात, हिरडी, जीभ, टाळू, सगळं. तोंडात काही नसेल तर पोट दाबून बघायचं. तेही ठीक असेल तर डॉक्टर. आणि डॉक्टरने हात टेकले ना, मग खुशाल दर्शनाला बसा. याची हिरडी चिघळलीय, उद्या सकाळी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन सुई द्या. आज फक्त पाणी. उद्या पातळ रस्सा. मऊ भाकर कुस्करून, थोडी थोडी. जबरदस्तीने घशात कोंबायचं नाही." मग काकांकडे बघून म्हणाला, "अजून दोन दिवस गेले असते ना फानूस, तर हा खरोखरचा संत झाला असता."

कम्मूनने हरीदीच्या अंगणातली पाण्याची परात चाटून पुसून कोरडी केली. त्याच्या पाणी पिण्याचा आवाज मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही गाण्यापेक्षा गोड होता, आणि मी किती गाणी ऐकलीत ते तुम्हाला सांगितलंच आहे.

आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळची प्रार्थना संपत होती. लोक बाहेर येत होते, ओठ सुकलेले, गुडघे धुळीचे, आणि येऊन भट्टीसमोर थांबत होते. उपास सुटताना कुत्रा काय करतो ते बघायचं होतं सगळ्यांना. दोन-तीनशे माणसं तरी असतील. काका गर्दीतून पुढे झाले. मी रस्त्यात त्यांना म्हटलं होतं, "काही सांगू नका काका. सणानंतर बघू. मी तरी कशी तोंड दाखवू?" त्यांनी ऐकून घेतलं होतं फक्त.

त्यांनी ती काडी तळहातावर ठेवून हात वर केला. दोरा मात्र त्यांनी सोडून टाकला होता.

"उपास नव्हता," ते म्हणाले. चर्चमध्ये त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. "टाळूत काडी अडकली होती. दुखत होतं त्याला."

गिरगिसची आई म्हणाली, "म्हणजे क्रूस काढत नव्हता?"

"काडी काढत होता."

"तुम्हाला आधी कळलं नाही? पाच दिवस आम्हाला बसवलंत?"

"मला मंगळवारीच वाटलं होतं काहीतरी," काका म्हणाले. "पण खुर्ची फार मऊ होती."

कोणी हसलं, कोणी चिडलं. शेजारच्या गावचा एकजण जाता जाता म्हणाला, "भट्टीवाल्याने फसवलं राव." मी पुढे होऊन सांगायला लागले की हे सगळं माझ्यामुळे झालं, तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. अबूना मागे उभे होते. ते पुढे आले, त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. कोणीतरी खुर्ची उचलून सभागृहात नेऊन ठेवली.

शनिवारी सकाळी दवाखान्यातून सुई देऊन आणल्यावर हरीदीच्या बायकोने पाठवलेला रस्सा आला. काकांनी त्यात भाकर कुस्करली. हरीदी आला होता, मी होते. काकांनी भांडं कम्मूनपुढे ठेवलं. कुत्र्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि तसाच थांबला.

"तिकडे तोंड करा," काका म्हणाले.

"काय?"

"भिंतीकडे तोंड करा दोघं. पाच दिवस लोकांनी नुसतं बघितलंय त्याच्याकडे. सुखाने खाऊ दे."

आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. गावातला गाढवं भादरणारा, मी, आणि कोपरापर्यंत पीठ लागलेले फानूसकाका. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मागून लपक-लपक सुरू झालं, आधी हळू, मग थांबेचना. कोणी वळून बघितलं नाही.

आता काका नाहीत. त्यांचं नाव कुठल्या फरशीवर कोरलेलं नाही, आणि भट्टीवाला म्हटलं तर लोकांना नवीन माणूस आठवतो. म्हणून एवढंच मागते. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा, पहिला घास तोंडात घालण्याआधी, एकदा म्हणा: देवा, बुशराच्या मुलाची, फानूसची, आठवण ठेव.